न कुरकुरणारं घर

शिवणवालीचा नवरा बाटल्यांच्या कारखान्यात फिटर होता. एका यंत्राचं झाकण उडून त्याच्या कानशिलावर बसलं, तेव्हा सगळे म्हणाले, थोडक्यात वाचला. हात-पाय धड, बोलणं धड, आठवण धड. फक्त आवाज सोसवेना. चमचा ताटलीत पडला तरी डोक्यात खिळा ठोकल्यासारखा तो आखडायचा आणि मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, "वेळ लागेल." किती, ते कुणी सांगेना.

जखमेच्या खपलीला लावायला दवाखान्यातून पेट्रोलियम जेलीची डबी मिळाली होती. जखम भरली, डबी उरली. एका सकाळी कपाटाचं दार करकरलं आणि तो कळवळला. तिने मशिनच्या तेलाची कुपी काढली, तर त्या वासानेच त्याला उमळून आलं. मग औषधांच्या खणातली ती डबी तिने उघडली आणि बोटभर जेली बिजागरीत भरली. दार मुकं झालं.

"अगं, बिजागरीला मलम?" तो पलंगावरून म्हणाला. "तिच्या टाचा फुटल्यात का?"

अपघातानंतर तो पहिल्यांदाच हसला होता. तिला तेवढं पुरे झालं. तिने खिडक्यांना जेली लावली, ड्रॉवरना लावली, पडद्याच्या दांडीला, पिशव्यांच्या चेनींना, पलंगाच्या सांध्यांना लावली. डबी संपली की दुसरी आणायची. "काकू, घरात खाता की काय?" औषधवाल्याने विचारलं. ती हसली, आणि दुकानाची पायरी उतरल्यावर तिला रडू फुटलं.

शिवणयंत्राला मात्र कशानेच गप्प करता येईना. ते तिने झाकून ठेवलं, गिऱ्हाइकं परत पाठवली. ती अनवाणी चालू लागली, कुजबुजत बोलू लागली, शिंक आली की उशीत तोंड खुपसू लागली. पण घर जितकं शांत होई, तितके बारीक आवाज त्याला टोचू लागले. शेवटी तो म्हणाला, "तू श्वास फार जोरात घेतेस." त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात झोपू लागली.

बाल्कनीच्या दाराला आतून खाली एक जुनी उभी कडी होती. ती वर ओढताना कण्हायची, म्हणून तिलाही जेली चोपडली. दुसऱ्या दिवशी दुपारी बटाटे उकडत ठेवून ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली आणि वाऱ्याने दार लोटलं गेलं. एरवी वर अडकून राहणारी कडी गुळगुळीत झाली होती. ती आपल्याच वजनाने सुळकन उतरली आणि फरशीच्या भोकात जाऊन बसली.

तिने दार ढकललं. हललं नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो नुकताच गोळी घेऊन झोपला होता. खाली रस्त्यावर ड्रिल चालू होतं, गाड्या भोंगे वाजवत होत्या. तिने दाराच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं, आपल्यालाही ऐकू येणार नाही इतकं हळू. मग आतून करपल्याचा वास आला.

"अहो!" ती ओरडली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "अहो, गॅस!" ती दोन्ही मुठींनी दार बडवू लागली.

तो आला. दोन्ही हात कानांवर दाबलेले, डोळे अर्धे मिटलेले. आधी स्वयंपाकघरात जाऊन कोपराने गॅसचं बटण फिरवलं, मग दारापाशी येऊन उभा राहिला. हात कानांवरून काढवेनात. तो पायाच्या अंगठ्याने कडी उचलू लागला. अंगठा जेलीवरून घसरे, तो पुन्हा लावे. काचेपलीकडून ती बघत होती. कारखान्यातलं कुठलंही यंत्र खोलणारा माणूस एका कडीपुढे लंगडी घालत होता.

"हात काढा!" ती किंचाळली. "एकदाच काढा हो!"

त्याने हात काढले. चेहरा पिळवटला. सदऱ्याच्या टोकात धरून कडी ओढली, दार उघडलं, रस्त्याचा सगळा गोंगाट आत घुसला आणि तो तिथेच फरशीवर बसून ओकला.

तिने दार लावलं. त्याचं तोंड पुसायचं सोडून ती भिंतीला टेकली आणि मोठ्याने, गळा काढून रडली. आवरता येईना, आवरावंसंही वाटेना. त्याने कान झाकले. पण "हळू" म्हणाला नाही.

संध्याकाळी तिने नणंदेला फोन केला. "तू ये. माझ्याने आता होत नाही."

"वहिनी, दादाला जास्त आहे का?"

"दादा आहे तसाच आहे. मी संपलेय."

नणंद आली. घर बघता बघता तिने कपाटाचं दार उघडून मिटून पाहिलं. मग एक दिवसाआड दुपारी येऊन भावाजवळ बसायचं तिने कबूल केलं. डॉक्टरांनी औषध बदललं. फरक पडल्याचं आजवर कुणाला दिसलं नाही.

पहिल्या दुपारी शिवणवालीला कुठे जावं ते सुचेना. ती जिन्यात बसली. वरच्या मजल्यावरची मुलं धाडधाड पायऱ्या उतरत होती, कुणाचा तरी रेडिओ चालू होता. कठड्याला डोकं टेकून ती घोरत झोपली. उठवायला नणंदेलाच यावं लागलं.