एकोप्यावर पंचेचाळीस मिनिटं

अराबा कॅरिबियनमधल्या कॅरियाकू बेटावर उतरली त्या दिवशी हिल्सबरोचा धक्का दोन इंच खचला, असं टँटी थेल्वी शेवटपर्यंत सांगत राहिली. टँटी म्हणजे मावशी; सख्ख्या भावासकट सारं बेट तिला तेच म्हणायचं. धाकट्या भावाची नवी बायको थेट घानाहून येणार, म्हणून टँटी थेल्वी तिला उतरवून घ्यायला चर्चची टोपी घालून गेली होती. ही टोपी साधी नव्हती. तिच्या सावलीत एक शेळी, दोन करडं आणि वेळ पडली तर पाद्रीसाहेबही बसू शकत. बोटीतून आधी एक पत्र्याची भलीमोठी पेटी वर आली. पेटीखाली अराबा होती. पेटी डोक्यावर, दोन्ही हात मोकळे, आणि वर ती हसत होती. ते हसणं पलीकडच्या युनियन बेटावर ऐकू गेलं आणि तिथल्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी घातली नाहीत, अशीही एक बातमी आहे.

पेटी खाली ठेवून तिने टँटी थेल्वीचे दोन्ही हात धरले.

"कॉस्नेल म्हणाला, ही बहीण नाही, आईच आहे माझी. म्हणजे तुम्ही माझ्या सासूबाई."

टँटी थेल्वी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. धक्क्यावर अर्धं बेट उभं होतं. जे काही बिघडलं ते तिथेच बिघडलं.

कॉस्नेल सहा वर्षांचा असताना त्यांची आई गेली. तेव्हापासून सतरा वर्षांच्या थेल्वीने त्याला वाढवलं. तो मालवाहू जहाजावर लागला, घानातल्या ताकोराडी बंदरात नर्स असलेल्या या अराबाच्या प्रेमात पडला आणि तिथेच लग्न करून मोकळा झाला. हेही तिने गिळलं असतं. पण तिच्याकडे भावाखेरीज आणखी एकच गोष्ट होती, आणि अराबाने नेमका तिलाच हात घातला.

टिरेल बेच्या चॅपलमध्ये पाद्री बुलेन यांचं प्रवचन संपलं की दर रविवारी टँटी थेल्वी उठून दहा मिनिटं घरकुटुंबावर बोलायची. एकोणीस वर्षं. तिच्यापाशी आजीच्या म्हणी होत्या. आजीला त्या तिच्या आजीकडून मिळालेल्या, आणि त्या आजीच्या आजीने आफ्रिकेहून गुलाम म्हणून, साखळीत बांधलेल्या हातांनी समुद्र ओलांडताना तेवढंच सामान बरोबर आणलेलं. खेकडा, केरसुणी, चुलीचे तीन दगड, असल्या घरगुती गोष्टींतून टँटी थेल्वी ख्रिस्ताच्या प्रेमापर्यंत अशी काही पोचायची की शेळीवरून वर्षभर न बोलणारे दोन भाऊ चॅपलच्या पायरीवर एकमेकांना तपकीर देत. हे खोटं नाही. तिच्या त्या दहा मिनिटांनी बेटावरची बरीच घरं टिकवली होती.

अराबाच्या पहिल्याच रविवारी टँटी थेल्वीने केरसुणीची म्हण घेतली. तिसऱ्या बाकावर अराबा आनंदाने डोलायला लागली. उपासना संपल्यावर, सगळ्यांच्या देखत, ती म्हणाली, "ही आमच्या केप कोस्टला अजून रोज ऐकू येते, टँटी. पण पुढचा अर्धा भाग कुठे गेला?"

"कुठला अर्धा?"

अराबाने तो सांगितला. आधी आपल्या भाषेत, मग सगळ्यांना कळेल असा. दोनशे वर्षं हे बेट अर्ध्या म्हणीवर संसार करत होतं.

"तुझी चांगलीच होती गं, थेल्वी," शिडं शिवणारे म्हातारे अंकल बर्टिल घरी जाताना समजूत घालत म्हणाले. "पण हिची पूर्ण आहे."

त्यानंतर टँटी थेल्वीची झोप आणि भूक दोन्ही उडाली. पूर्वी सुनेची तक्रार घेऊन तिच्या ओट्यावर येणाऱ्या बायका आता चार घरं पुढे अराबाच्या ओट्यावर दिसू लागल्या. कॉस्नेलला लहानपणापासून आवडणारा मक्याच्या पिठाचा गोळा ती डब्यातून पाठवायची, तो आता अर्धा परत येई, कारण घरी शेंगदाण्याचं सार असे. अराबाचे वाळत घातलेले कपडेसुद्धा तिला डाचत. इतके सरळ कपडे कोण वाळत घालतं? ती मनापासून प्रार्थना करायची, "प्रभू, तिला भरपूर आशीर्वाद दे. फक्त शब्द थोडे कमी दे."

कॉस्नेल दोन वर्षं किनाऱ्यावर बदामाच्या झाडाखाली स्वतःची बोट बांधत होता. ती समुद्रात उतरवायचा दिवस ठरला. आमच्याकडे बोटीचं नाव तोवर कापडाखाली झाकलेलं असतं. बांधणारा ते कोणाला सांगत नाही, आणि त्या काळात त्याला विचारणाऱ्यांचाही तोटा नसतो.

"कॉस्नेल, नाव किती अक्षरांचं आहे रे?" टँटी थेल्वी सहज विचारायची.

"कापडाला विचार, टँटी."

आपलं नाव की तिचं, यापलीकडे टँटी थेल्वीला त्या बोटीत काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ती गेलेल्या आईबापांचं ताट मांडायला किनाऱ्यावर पोचली, कारण ते वाढल्याशिवाय कोणी जेवत नाही आणि ते वाढायचा मान घरच्या लेकीचा. ताट आधीच मांडलेलं होतं. आईला आवडायचं तसं मटण, हाडं काढून. अराबाने कॉस्नेलला विचारून घेतलं होतं. "तुमच्यासाठी रम ओतायचं ठेवलंय, टँटी," ती म्हणाली. टँटी थेल्वीने रम ओतली आणि ताट उगीचच बोटभर सरकवलं.

पाद्री बुलेन यांनी कार्यक्रम सांगितला. "विषय एकोपा आणि कुटुंब. थेल्वी दहा मिनिटं, मग अराबा दहा मिनिटं. साडेदहाला भरती पुरी होईल, त्याआधी दोर हातात हवेत." आमच्याकडे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम हातभर, पण बोट उतरवताना तो हातभरच कामाला येतो.

दहा वाजता टँटी थेल्वी उभी राहिली. अराबाच्या हातात घडी घातलेला कागद होता. त्या कागदावर काय असेल ते एकेक करून आपणच सांगून टाकायचं, म्हणजे तिला उठून फक्त आमेन म्हणता येईल, असा टँटी थेल्वीचा बेत. तिने खेकडा काढला, केरसुणी काढली, दुसऱ्या अर्ध्यासकट. चूल, कणगी, एकाच नावेतले दोन वल्हेकरी. वीस मिनिटं झाली. मग म्हणी संपल्या आणि तिची नजर बोटीकडे गेली.

"या फळ्या बघा," ती म्हणाली. "वेगवेगळ्या झाडांच्या. वाकडी फळीसुद्धा वाफेवर वाकवून बसवली, टाकली नाही. दोन फळ्यांमध्ये फट राहतेच. ती देवाने आपल्यासाठी ठेवली आहे, कापूस ठोकून भरायला. पण एक फळी शेजारणीवर जळायला लागली, की..."

इथे ती अडखळली. कोणीतरी डोळे पुसले. थांबायला याहून चांगली जागा तिला आयुष्यात मिळणार नव्हती. तिने अराबाचा कागद पाहिला आणि पुढे चालू केलं.

"टँटी, पाणी चाललं," अंकल बर्टिल मागून म्हणाले.

"पाणी कुठे जातंय, बर्टिल? समुद्रातच आहे."

पावणेअकराला ती बसली. अराबाने कागद खिशात टाकला. "मला काही बोलायचं नाही. दोर धरूया."

टेकू तोडले, बोट कुशीवर आली, ओंडक्यांवरून घसरली, साठ माणसं दोराला लटकली. बोटीची मागची बाजू पाण्याला लागली आणि वाळूत रुतून बसली. चार बोटं पाणी कमी पडलं. एकोप्यावरचं व्याख्यान ऐकून तृप्त झालेल्या साठ माणसांनी अर्धा तास एकदिलाने ओढलं आणि काहीही हललं नाही. मग उद्या सकाळी बघू म्हणून सगळे मटणाकडे गेले.

अर्धी उतरलेली बोट घरच्यांनी एकटी सोडायची नसते. दुपारभर बदामाखाली नणंद-भावजय बसून राहिल्या.

"किती वेळ बोलले मी?" टँटी थेल्वीने विचारलं.

"पंचेचाळीस मिनिटं."

"मोजलीस वाटतं."

"कॉस्नेलने मोजली. मी ऐकत होते."

"तुला काही उरू नये म्हणून बोलले मी."

"ते कळलं मला. माझ्या सातही म्हणी घेतल्यात." अराबाने कागद उलगडून दाखवला. "कणगीची मात्र मी विसरूनच गेले होते. लहानपणी आजी सांगायची. तुमच्यामुळे आठवली."

टँटी थेल्वीला जरा बरं वाटलं. ते लपवायला ती वाळूत रेघा ओढू लागली.

"आणि ते फळ्यांचं?" अराबा म्हणाली. "ते आमच्याकडे नाही. कुणाचं आहे?"

"माझं."

"मला द्याल?"

"नाही," टँटी थेल्वी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला बोट निमूटपणे पाण्यात गेली. कॉस्नेलने कापड ओढलं. निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: सिस्टर थेल्वी. टोपीखाली टँटी थेल्वीचं तोंड लहान मुलीसारखं झालं. चार श्वास तिला पृथ्वीवर कोणाचाही हेवा वाटला नाही.

"मी आईचं नाव म्हणत होतो," कॉस्नेल तिच्या कानाशी म्हणाला. "हे अराबाने सुचवलं."

पाचव्या श्वासाला सगळं परत आलं. मन मोठं करायलाही ही बया आधी पोचली होती.

पुढे दोघी एकाआड एक रविवारी बोलू लागल्या. पाद्री बुलेन यांनी व्यासपीठावर गजराचं घड्याळ ठेवलं. टँटी थेल्वी अराबाच्या रविवारी पहिल्या बाकावर बसून घड्याळाकडे बघे.

"सिस्टर थेल्वी" अकरा वर्षं ग्रेनाडाहून सिमेंट वाहत होती. मग ती पेटिट मार्टिनिक बेटावरच्या एका माणसाला विकली गेली. त्याने नाव खरवडून तिथे आपल्या बायकोचं घातलं.