उगवतीकडची दोरी

आमच्या सासूबाईंना देशावरचा पाऊस हा पाऊस वाटतच नसे. "हा मेला शिंपडल्यासारखा पडतो," असं त्या ठासून सांगायच्या, आणि तेही तो पडताना एकदासुद्धा न बघता. त्या जन्मापासून रत्नागिरीकडच्या खाडीकाठी राहिलेल्या. पाऊस, वारा आणि मासळी या तीन विषयांत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

पन्नासनंतरच्या त्या वर्षांत पिंपरीकडे कारखाने यायला लागले होते. ह्यांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही नदीच्या अलीकडे, काळेवाडीत बिऱ्हाड केलं. काळेवाडी म्हणजे तेव्हा शेतं, बाभळी आणि एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावरची घरं. एका शेतकऱ्याने आपल्या बांधालगत दोन खोल्या काढल्या होत्या, त्या आम्ही घेतल्या. मावळतीला बाहेरची खोली, उगवतीला चुलीची. वर पत्रे आणि पत्र्यांवर दगड. पहिल्यांदा ते दगड बघून मला हसू आलं होतं. आमच्याकडे छपरावर भोपळ्याचा वेल असतो, इथे दगड पिकतात असं मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी नुसतं पाहिलं. ह्यांना विनोद दुसऱ्या दिवशी कळायचा.

होळी झाली आणि सासूबाई आल्या. मला दिवस गेले होते, बाळंतपण श्रावणात यायचं होतं. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे माहेरी जाऊन बाळंत व्हायचं तर करणार कोण? सासूबाईंनी थांबावं असं मला फार वाटत होतं. पण विचारायची सोय नव्हती, कारण त्या आल्या त्याच परतीची तारीख घेऊन. गावचं घर बंद करून आल्या होत्या, आणि आगोटीच्या आत त्यांना तिथे पोचायचं होतं.

आगोट म्हणजे पाऊस लागायच्या आधीचे दिवस. कोकणात तेव्हा सगळा गाव धावपळीत असतो. घर शाकारायचं, लाकूडफाटा पडवीत भरायचा, आणि मुख्य म्हणजे समुद्राच्या बाजूला झावळ्यांच्या झडी बांधायच्या, म्हणजे वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस भिंतीला लागत नाही. सासरे गेल्यापासून सासूबाई हे सगळं स्वतः करत. झड बांधली नाही तर आपली मातीची पडवी एका पावसाळ्यात बसेल, असं त्या रोज एकदा तरी म्हणत. आणि पाऊस लागला की खाडीतली तरीची होडी बंद, मग गावात पोचणंच मुश्कील. त्यांची वळकटी काथ्याच्या दोरीने करकचून बांधून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली होती. दिवसभर ती माझ्यासमोर असायची. त्या निजायच्या माझ्या गोधडीवर, पण वळकटी काही सोडायच्या नाहीत.

"जाईन, पण तुमची आगोट करून जाईन," त्यांनी एक दिवस जाहीर केलं. "तुम्हा दोघांना काय कळतंय?"

त्यांनी पदर खोचला आणि घराचा ताबा घेतला. लाकडं फोडून घेतली, गोवऱ्या आत आणल्या, डाळींना ऊन दिलं, पापड-सांडगे डब्यांत गेले, आणि हे सगळं चुलीच्या खोलीत रचलं गेलं. मावळतीची खोली पावसाच्या तोंडाशी, म्हणून तिथे काही ठेवायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता. मग झडीची वेळ आली. झावळ्या काळेवाडीत कुठून आणायच्या? त्यांनी चारी दिशांना नजर टाकली आणि ती मालकीणबाईंच्या कडब्याच्या गंजीवर जाऊन थांबली.

मालकीणबाई, त्या शेतकऱ्याची बायको, समोरच राहत. रुंद हाडाच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि मला शेतातली भाजी आणून देणाऱ्या. कडबा मागितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, ही जनावरांची वैरन हाय. ही भिताडाला बांधत्यात व्हय कुठं?"

"आमच्याकडे बांधतात," सासूबाई म्हणाल्या. वास्तविक त्यांच्याकडे कडबा कुणी पाहिलाही नव्हता.

शेवटी चार पेंढ्या मिळाल्या. सासूबाईंनी दोन दिवस बसून त्यांची अशी सुबक झड विणली की मालकीणबाईसुद्धा बोट लावून बघून गेल्या. सुट्टीच्या दिवशी हे शिडीवर आणि सासूबाई खाली, अशी ती मावळतीच्या भिंतीला चढली. गावाहून आणलेली सगळी दोरी तिथे लागली. झडीची वरची कड पत्र्यावर दाबून ठेवायला दगड कमी पडले, तेव्हा सासूबाईंनी हुकूम सोडला, "तिकडचे इकडे घे." ह्यांनी चुलीच्या खोलीवरचे दगड उचलून मावळतीला आणून मांडले.

मालकीणबाई तेवढ्यात बैल घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "आवं बाई, उगवतीकडचं दगड काढू नगा. आदी वळीव येतो, त्यो तिकडनंच येतो."

"वारा समुद्रावरून येतो," सासूबाई म्हणाल्या.

"आन् समुद्र हाय कुठं हितं?"

"असेल तिथून येईल. त्याला काय वाट ठाऊक नाही?"

मालकीणबाई मान हलवत निघून गेल्या. सासूबाईंच्या आगोटीत मी तोंड घालणं म्हणजे भटजींना मंत्र सांगण्यासारखं होतं. शिवाय खरं सांगायचं तर माझं लक्ष दगडांकडे नव्हतंच. आगोट संपली म्हणजे त्या निघणार, एवढंच डोक्यात घोळत होतं. त्या मात्र खुशीत होत्या. झडीची खालची कड मालकीणबाईंच्या गाईने एका दुपारी निवांतपणे खाऊन टाकली, तेव्हाच काय त्यांची खुशी थोडी उतरली. "इथली जनावरंसुद्धा घर खातात," त्या म्हणाल्या आणि ह्यांना एसटीचं बघायला सांगितलं. दोन दिवसांनी निघायचं ठरलं.

त्यांच्या निघण्याच्या आदल्या दुपारी वळीव आला.

आम्ही दोघी मावळतीच्या खोलीत बसलो होतो. हे कारखान्यात. एकाएकी अंधारून आलं आणि वारा सुटला. सासूबाई उठून ऐटीत दारापाशी उभ्या राहिल्या. आपली झड कशी टिकते ते त्यांना बघायचं होतं. झड टिकलीच. तिच्यातलं कडब्याचं एक ताटदेखील हललं नाही, कारण तिच्याकडे कुणी फिरकलंच नाही. मागून, चुलीच्या बाजूने, कडाड असा आवाज झाला. वळून पाहिलं तर चुलीच्या खोलीत लख्ख उजेड पडला होता. वरचे दोन पत्रे उठून शेतात गेले होते, आणि पाऊस आणि गारा सरळ आमच्या डाळींवर कोसळत होत्या. तिसरा पत्रा एका खिळ्यावर थडाथडा आपटत होता. तो गेला असता तर त्याच्यामागून माझ्या डोक्यावरचाही गेला असता.

सासूबाई उघड्या छपराकडे आणि डाळींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. त्यांना असं हरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला त्यांची इतकी दया आली की भीती वाटायची राहूनच गेली.

मालकीणबाई डोक्यावर पोतं घेऊन धावत आल्या. "दोरी द्या, दोरी! पत्रा मागल्या लिंबाला बांधू."

दोरी सगळी मावळतीला. ती सोडवायला जायचं तर झड, दगड सगळंच खाली आलं असतं. मी वेड्यासारखी कोनाडे धुंडाळायला लागले. सासूबाईंनी मात्र एकदा कोपऱ्यात पाहिलं, गेल्या आणि वळकटीवर बसल्या. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. दोरी ओढली तशी वळकटी उलगडली आणि आतली लुगडी, चादर, गावच्या घराची किल्ली, सगळं चुलीच्या खोलीतून पाणी येऊन ओल्या झालेल्या जमिनीवर पसरलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. मालकीणबाई शिडीवर चढल्या. सासूबाईंनी खालून दोरी दिली आणि दुसरं टोक लिंबाच्या बुंध्याला तीन वेढे देऊन ओढून गाठीने पक्कं केलं. पावसात दोघी एकमेकींवर ओरडत होत्या. पत्रा राहिला.

वळीव जसा आला तसा गेला. दोघी आत येऊन निथळत बसल्या. मालकीणबाईंनी जमिनीवर पसरलेल्या चिखलाळ लुगड्यांकडे पाहिलं.

"आन् आता उंद्या वळकटी कशानं बांधनार?"

"कशाला बांधायचीय?" सासूबाई म्हणाल्या आणि डोकं पुसायला लागल्या.

मला रडू फुटलं. त्या दोघींना वाटलं डाळींसाठी रडते आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "वाळंल गं पोरी, ऊन हाय उंद्या." मी खुशाल डाळींच्या नावावर रडून घेतलं.

हे संध्याकाळी आले ते सायकल टाकून घरभर फिरले. झड शाबूत, छप्पर नाही, आई चुलीऐवजी अंगणात तीन दगडांवर पिठलं हाटते आहे. आणि त्यांच्या खिशात एसटीचं तिकीट.

"हे परत कर," सासूबाई म्हणाल्या. "वारा कुठून येतो एवढंही मला इथलं ठाऊक नाही. अशी कशी मी जाऊ?"

"आई, आणि गावच्या पडवीचं? झड नाही बांधली तर..."

"ते मला सांगतोस?" त्यांनी पिठल्यावर झाकण ठेवलं. माझ्याकडे, म्हणजे माझ्या पोटाकडे पाहिलं. "पडवी काय, पडली तर उभी करता येते."

पडवी पडली. त्याच पावसाळ्यात पडली. गावाकडून निरोप आला तेव्हा आमची मुलगी महिन्याची होती आणि सासूबाई तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. निरोप ऐकून त्यांनी एकदाच "बरं" म्हटलं, आणि पाणी थोडं गरम हवं म्हणून मला हाक मारली. रात्री त्या किती वेळ जाग्या होत्या ते मला ठाऊक आहे, कारण मीही जागीच होते.

दिवाळीनंतर त्या गावी गेल्या, पडवी उभी करून घेतली आणि पुढल्या होळीला परत आल्या. बरोबर काथ्याच्या दोरीचं हे एवढं मोठं वेटोळं. दारात उभ्या राहून त्यांनी माझ्या कडेवरची मुलगी आधी आपल्याकडे घेतली, आणि मग आत न येता तिला घेऊन तशाच घराला वळसा घालून उगवतीच्या बाजूला गेल्या, लिंबाला मारलेली गाठ बघायला.