रोहिणी होती म्हणून

माझी लेक पुण्याला असते. परवा तिनं मोबाईलवर जपानच्या एका जुन्या दरबारी ज्योतिष्याची गोष्ट पाठवली. राजाला तो ग्रहतारे बघून सांगायचा. मेल्यावर लोकांनी त्याच्या कथा रचल्या. त्याची आई म्हणे कोल्हीण होती, लेकराला टाकून रानात निघून गेली. लेकीला मजा वाटली. माझं डोकं फिरलं. बाई घरातून गेली की तिची कोल्हीण करायची, म्हणजे कुणाला काही विचारायला नको! मी फोन पालथा ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

माझे वडील, आप्पा, लातूरजवळच्या मुरूडचे. आम्ही जंगम, लिंगायतांचे पुजारी. आप्पांना सगळे स्वामी म्हणतात. हरवलेलं सांगण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हता. बैल हरवो, अंगठी हरवो, माणूस हरवो, लोक दारात यायचे. पुढाऱ्यांच्या गाड्यासुद्धा यायच्या. आप्पा पंचांग उघडून एवढंच बघायचे, की हरवलं त्या दिवशी नक्षत्र कोणतं होतं. अंध नक्षत्र असलं तर पूर्वेला, लवकर सापडतंय. मंद असलं तर दक्षिणेला, कष्टानं. मध्य असलं तर पश्चिमेला, नुसती खबर लागते. डोळस असलं तर आशा सोडायची. सापडलं की लोक नारळ घेऊन यायचे. न सापडलेले कशाला येतील? नाव वाढतच गेलं.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, दोन वर्षं झाली विसर पडायला लागला होता. दुपारीच पदर डोक्यावर घेऊन म्हणायची, चला, माहेरी जायचंय. तिचं माहेर मुरूडच्या मावळतीला, जुन्या गाडीवाटेनं तीन कोस. तिथं आता तिचं कुणीच नाही. तुरी काढायच्या दिवसांत एका दुपारी आप्पांचा डोळा लागला आणि ती निघून गेली.

गल्ली दारात जमली. आप्पांनी पंचांग उघडलं. रोहिणी होती. अंध नक्षत्र. पूर्वेला, लवकर सापडंल, असं ते म्हणाले. पूर्वेला म्हणजे लातूरचा रस्ता. सगळ्या मोटारसायकली तिकडंच पळाल्या. पोलिसांत कळवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. स्वामींच्या घरचं माणूस आणि पोलीस कशाला?

मी किनवटला आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. फोन आला तेव्हा मी म्हणालेही, अव्वा माहेराकडं गेली असंल, मावळतीला बघा. शेजारचे काका म्हणाले, स्वामींनी उगवत सांगितलीय, तू काळजी करू नको. आणि मी गप्प बसले. एवढंच नाही, लातूरला पोचल्यावर मुरूडची गाडी न धरता दोन दिवस मी स्टँड, दवाखाने, देवळं पालथी घातली. पोरांना मी शिकवते की बघितल्याशिवाय मानू नका. आग लागो माझ्या शिकवण्याला.

तिसऱ्या दिवशी तूर काढणाऱ्या बायांना ती सापडली. गाडीवाटेच्या कडेला, कोरड्या ओढ्यात. पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळपर्यंत जीव असावा. तिच्या मुठीत माती होती. ती मूठ मी माझ्या हातानं सोडवली.

तिला आमच्या रीतीनं बसवून माती दिली. त्या दिवशी सगळे गेल्यावर आप्पा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मला तिचं माहेर आठवलं होतं गं. पण लोकं दारात उभी होती, आन् रोहिणी होती."

मला वाटलं होतं, आता लोक येणार नाहीत. कशाचं काय! महिनाभरात गावात वेगळंच सुरू झालं. स्वामींना सगळं ठाऊक होतं म्हणे. अव्वानं त्यांचा निरोप घेतला होता. तिच्या जाण्यात कुणी आडवं येऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम लोकांना उलटीकडं धाडलं. ओढ्यात उजेड दिसला म्हणणारेही निघाले. रसवंतीवाल्यानं मलाच हे सांगितलं, हात जोडून. मी म्हटलं, अहो, तिचा पाय मोडला होता. तो म्हणाला, ते निमित्त असतंय अक्का.

यंदा सुट्टीत गेले तर निलंग्याकडची एक बाई आली होती. तिची सून दोन दिवसांपासून सापडत नव्हती. आप्पा तिला सांगत होते की आपल्याला सगळं आधीच कळतं, बायकोचंही कळलं होतं. मी आतून ऐकलं आणि बाहेर आले. त्या बाईसमोरच विचारलं, "मग आणायला का गेला न्हाईत?"

आप्पांनी पंचांगावर हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "असंच राहू दे गं. न्हाईतर मीच मारलं तिला."

त्या बाईला ते नीट ऐकू गेलं नसावं. तिनं माझा हात धरून विचारलं, स्वामींना खरंच कळलं होतं का अक्का? ऐंशीच्या घरातलं ते म्हातारं माणूस माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी म्हणाले, हाव, कळलं होतं. मग ती बाई पंचांगाकडं वळून बसली, आणि तिला पोलिसांत जा म्हणायचं माझ्या तोंडून निघालंच नाही.