गैरकायदा मंडळी

बंदी घालताना सरकारने हलगी वाजवली. पुढे बंदी उठली तेव्हा मात्र कोणी हलगीला हात लावला नाही. आम्हाला ते असंच उडत उडत कळलं. सरकारी खात्यांची ही रीत मी नोकरीभर पाहत आलो, त्यामुळे आता तिचा रागही येत नाही.

मी तेव्हा कन्हेरीच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि चुलत्यांच्या घरी राहत होतो. त्यांना सगळं गाव तात्या म्हणे. मिठाच्या सत्याग्रहानंतरचे ते दिवस. स्वराज्य मागणारा पक्ष सरकारने बेकायदा ठरवला होता. बारामतीतल्या त्याच्या कचेरीला पोलिसांनी कुलूप ठोकलं आणि पांढऱ्या टोप्या ट्रंकांच्या तळाशी गेल्या.

तालुक्याहून आलेल्या हुकुमात पक्षाला ‘गैरकायदा मंडळी’ म्हटलं होतं. कायद्याच्या मराठीत मंडळी म्हणजे संस्था, जमाव. आमच्याकडे मंडळी म्हणजे बायको. हुकूम लिहिणाऱ्याच्या हे गावीही नसावं.

दवंडीवाला वेशीपासून ओरडत आला, “ऐका हो ऐका! मंडळी गैरकायदा ठरलीया! जो कोनी तिला घरात जागा दील, जेवू घालील, त्याला सजा हुईल!”

चावडीवर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. थट्टेत तात्या नेहमी सगळ्यांच्या पुढे. आमचं घर चावडीला लागूनच होतं. त्यांनी तिथूनच घराकडे तोंड करून हाळी दिली, “अगं ए, ऐकलंस का? सरकारनं तुला गैरकायदा केलीया!” मीही पोट धरून हसलो.

काकीला मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. इंदापूरकडच्या पहिल्या नवऱ्याने तिला टाकलं होतं. तात्यांनी पंचांसमोर तिच्याशी पाट लावला, त्याला तीन वर्षं झाली होती. पण आम्ही सोडचिठ्ठी दिलीच नाही, कोर्टात खेचू, असे निरोप तिकडची माणसं अधूनमधून धाडत. तात्या ते झुरळासारखे झटकून टाकत. काकी काही बोलत नसे, आणि ती बोलत नाही म्हणजे तिला काही वाटत नाही, असं आम्ही दोघे धरून चाललो होतो.

घरी आलो तर ती काखेत गाठोडं घेऊन दारात उभी.

“कुठं निघालीस?” तात्यांनी विचारलं.

“ठावं न्हाय. पर मी हितं ऱ्हायले तर तुमास्नी सजा हुईल.”

तात्यांना पुन्हा हसू फुटलं. मी आपली मास्तरकी सुरू केली. ही मंडळी म्हणजे एक पक्ष आहे, त्याची कचेरी बंद केलीय, बायकांचा याच्याशी काही संबंध नाही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी त्यो हुकूम माझ्यावर न्हाय?”

“नाही काकी. तुझ्यावर नाही.”

“आज न्हाय,” ती म्हणाली.

तात्यांचं हसणं एव्हाना थांबलं होतं. ते गाठोड्याकडे बघत होते.

“हलगी आत्ता वाजली. एवढ्यात बांधलं बी?”

“बांधल्यालंच हाय. आले तवापास्नं.”

तात्या उंबऱ्यावर बसले. “तीन वरसं? सोडलंच न्हाईस?”

“सोड म्हून कुनी म्हनलंच न्हाय.”

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही.

तात्यांनी तिच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं आणि मांडीवर ठेवून गाठ सोडू लागले. ती हाताने सुटेना. शेवटी त्यांनी गाठीला दात लावले. आतली माहेरची दोन लुगडी काढून त्यांनी दांडीवर आपल्या धोतराशेजारी टाकली, आणि गाठोड्याचं फडकं तेवढं बराच वेळ हातात धरून बसले.