शुक्रवारच्या टोप्या

नेल्डा आयकर्ड एकोणिसाव्या वर्षी मोज्यांच्या गिरणीत लागली. काम एकच, मोज्याचं बोटांकडचं तोंड शिवून बंद करायचं. मशीन अडलं की हॉयल सेट्झर हा मेकॅनिक यायचा. "पोरी, मशीनला शिव्या घालू नकोस, त्याला कळतं," म्हणायचा. मजुरी नगावर असायची, नेल्डाचे नग कमी भरू नयेत म्हणून स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत दुरुस्ती करून द्यायचा.

गिरणी परदेशी गेली. नेल्डा गावातल्याच कम्युनिटी कॉलेजात शिकली, तिथंच चिकटली आणि बावीस वर्षांनी कामगार-प्रशिक्षणाची प्रमुख झाली. कंपन्यांना फोन करायचे, त्यांना कसली माणसं हवीत ते विचारायचं, तसा अभ्यासक्रम बांधायचा. 'शिकलेली माणसं तयार आहेत, तुम्ही फक्त या,' असं सांगत तिने नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या गावात दोन लहान कारखाने आणलेही होते.

तिसरा मोठा होता. दवाखान्यात लागणाऱ्या नळ्या बनवणारा. सोळा आठवड्यांचा वर्ग, तोही दिवसा. हॉयल तेव्हा शाळेची बस चालवत होता. पगार तुटपुंजा, पण नोकरीबरोबर आरोग्यविमा होता आणि बायको मर्टलची संधिवाताची इंजेक्शनं त्यावरच चालत. नेल्डा त्यांच्या घरी तीनदा गेली.

"काका, बस किती दिवस चालवणार? तिथं दुप्पट पगार आहे. विमाही आहे."

"बस सोडली आणि हे झालंच नाही तर?"

"मी आहे ना."

शेवटी मर्टलच म्हणाली, "जा रे तू. चार महिने काढीन मी इंजेक्शनांशिवाय."

वर्गाच्या शेवटच्या शुक्रवारी नोकरीच्या कागदांवर सह्या होणार होत्या. शाळेतली फुटबॉलची पोरं मोठ्या संघात निवडली गेली की घरच्यांसोबत टेबलाशी बसून सही करतात आणि संघाची टोपी चढवतात. नेल्डा आपल्या कामगारांसाठी तस्साच सोहळा करायची. टोप्यांचा खोका सोमवारी आला. मंगळवारी सकाळी कंपनीचा फोन आला, कारखाना दुसऱ्या राज्यात जातोय.

तिने दुपारीच वर्गाला सांगितलं. मागून एक बाई म्हणाली, "टोप्या तरी द्या. उन्हात नोकरी शोधायला बऱ्या पडतील." दोघं-तिघं हसले. हॉयल वही मिटून निघून गेला.

नेल्डाने लगेच शाळेत फोन लावला. हॉयलच्या बसवर नवा माणूस लागून तीन महिने झाले होते.

शुक्रवारी ती रिकाम्या हॉलमधल्या खुर्च्या मिटत होती, तेव्हा दार उघडलं. चर्चला जायच्या पोशाखात मर्टल, हॉयलच्या दंडाला धरून. त्याच्या हातात केळ्याच्या पुडिंगचं भांडं.

"लवकर आलो वाटतं," मर्टल म्हणाली. "झाकण काढ रे, दिसू दे तिला. आणि नेल्डा, याला टोपी मी घालणार हं. हा उलटी घालेल. काल पाचपर्यंत वर्गात बसून आला, तरी कधी यायचं ते धड सांगता येईना याला."

मंगळवारनंतर वर्ग भरलाच नव्हता. नेल्डाने हॉयलकडे पाहिलं. तो भांड्यावरून नजर उचलेना.

"काकू, बसा," तिने मिटलेली एक खुर्ची पुन्हा उघडली. "कारखाना येत नाहीये. मला मंगळवारीच कळलं. काकांना बस सोडायला मीच लावलं."

मर्टल बसली नाही. "तीनदा आली होतीस," ती म्हणाली.

"हो."

मर्टल नवऱ्याकडे वळली. "आणि बस?"

"दुसऱ्याला दिली," हॉयल म्हणाला.

मर्टल झाकण भांड्यावर बसवायला लागली. तिची बोटं वळेनात. नेल्डा पुढे झाली, तशी मर्टलने कोपराने तिला बाजूला सारलं.

"हॉयल," ती म्हणाली, "तू लाव."