भरल्या ट्रॉलीशिवाय सही नाही

खरातांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लोहचुंबक असायचं. कुठे वायरचं वेटोळं दिसलं की टोक सोलून ते चुंबक लावायचे. माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी मांडववाल्याच्या वेटोळ्यालाही लावलं. चुंबक चिकटलं. मंगलाष्टका सुरू व्हायच्या बेतात असताना हा माणूस माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "तांब्याची म्हनून आनली का साहेब? आतून लोखंड हाय. वरून नुस्ता मुलामा." सासऱ्यांनी त्या दिवसापासून माझ्या मित्रांना पत्रिका पाठवणं बंद केलं.

खरात मूळचे तीर्थपुरीचे. आईवडिलांनी दुसऱ्याच्या रानात राबून पोराला आयटीआयला घातलं. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून निम्मी हयात गेली. मग साहेबांशी पटेना म्हणून नोकरी सोडली आणि जालन्यात मस्तगडला कॅमेऱ्यांचं दुकान टाकलं. दुकानात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पक्कड आणि केबलची वेटोळी. गिऱ्हाईक आलं की हे आधी त्याची उलटतपासणी घेत. "कॅमेरा कोनी बी लटकवतं. चित्र घरापोत्तर कोन आनून देतंय, ते इचारा," हे त्यांचं पालुपद. ते ज्याला 'साहेब' म्हणत त्याची अक्कल त्यांनी शून्य धरलेली असे. मला ते पहिल्या दिवसापासून साहेब म्हणत.

मी उसाच्या कारखान्यात वजनकाट्यावर लिपिक होतो. कारखाना जिल्ह्यातलाच, नाव सांगून काय करायचंय? काट्यावर कॅमेरे बसवायचे आणि पटांगणापलीकडच्या ऑफिसात चित्र पाहायचं, असं ठरलं. अंतर अर्धा किलोमीटर. खरातांना सल्ल्याला बोलावलं. त्यांनी पटांगण पायांनी मोजलं आणि खरेदी समितीला सांगितलं, "फायबर टाका, जमिनीतून. तांब्याच्या तारेत इतक्या लांब चित्र मरतंय, अन् वीज पडली तर दोन्हीकडचं सामान जळून जातंय. काचेच्या तारेला दोन्हीचं भ्याव न्हाई."

समितीत सात जण होते. त्यांपैकी एकाने तरी आयुष्यात तार जोडली असेल असं मला वाटत नाही. जमीन खोदायची म्हटल्यावर त्यांच्याच अंगावर माती पडल्यासारखे चेहरे झाले. तेवढ्यात उपाध्यक्षांचे साडू वायरलेसच्या दोन पांढऱ्या थाळ्या घेऊन आले. एक काट्याच्या छपरावर, एक ऑफिसच्या कठड्यावर. खोदकाम नाही की खांब नाही. समितीला हे विज्ञान पटलं, कारण त्यात कोणालाच खुर्चीवरून उठावं लागत नव्हतं.

"मधी काय येनार, ते बघितलं का?" खरातांनी विचारलं.

"मोकळं पटांगण आहे. काय येणार मध्ये?" उपाध्यक्ष म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो.

ते पावसाळ्याचे दिवस, गाळप बंद. चाचणीच्या दिवशी चित्र इतकं स्वच्छ आलं की माझ्या मिशीतले पांढरे केससुद्धा मोजता यावेत. छापील कागदावर 'चाचणी समाधानकारक' असं होतंच, त्याखाली मी झोकात सही ठोकली. खरात दारात उभे होते.

"आज पटांगनात कुत्रं बी न्हाई, साहेब. भरल्या ट्रॉल्या आल्यावर सही करा."

"खरात, काम दुसऱ्याला गेलं की माणूस असंच बोलतो," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून माझीच लाज वाटते.

हंगाम सुरू झाला. माणसाच्या दुप्पट उंचीच्या ओल्या उसाच्या ट्रॉल्या रांगेने पटांगणात उभ्या राहिल्या आणि चित्र गेलं. रांग हलली की यायचं, पुन्हा लागली की जायचं. म्हणजे रिकाम्या ट्रॉल्या परत जाताना अगदी दिमाखात दिसायच्या, आणि भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की पडदा काळा. साडूंनी सांगितलं, हवा दमट आहे. समितीने मान डोलावली.

मग वजन कमी भरतंय अशी ओरड झाली. शेतकऱ्यांनी चित्रण मागितलं. ज्या वजनांवर वाद, नेमकं त्या वेळी पडद्यावर काही नाही. समितीने अक्कल लढवली आणि निष्कर्ष काढला की कॅमेरा मीच बंद करतो. मला निलंबित केलं. गावात मला काटामाऱ्या म्हणू लागले. मुलगी शाळेतून रडत आली आणि दुसऱ्या दिवशी जाईना. नोकरीपेक्षा ते जास्त लागलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी मस्तगडला गेलो. खरातांनी बसा म्हटलं नाही.

"समाधानकारक म्हनून सही कोनी केल्ती?"

"मी."

"मंग?"

त्यांनी निवांत चहा संपवला, पिशवी उचलली आणि म्हणाले, "उद्या येतो. तुमच्यासाठी न्हाई. त्या थाळ्यांचा मला राग हाय."

चौकशीत त्यांनी मला सगळ्यांसमोर पडद्याशेजारी उभं केलं. "हात वर करा, साहेब. नंतर कोनी म्हनाया नको, बटन दाबलं." मी चोरासारखा हात वर करून उभा. मग रांग हलून चित्र आलं तेव्हा फोनवरून त्यांनी पटांगणातली एक भरलेली ट्रॉली दोन थाळ्यांच्या मध्ये आणवली. चित्र गेलं. ट्रॉली पुढे नेली, चित्र आलं. असं तीनदा झालं.

"ऊस म्हंजे निस्तं पानी. पान्याची भित मधी उभी करून चित्र मागून राह्यले तुम्ही."

उपाध्यक्षांनी बराच विचार करून विचारलं, "ट्रॉल्या दुसरीकडे उभ्या करता येणार नाहीत का?" उसाच्या कारखान्याचा उपाध्यक्ष!

मी कामावर परतलो. मुलगी शाळेत जाऊ लागली. पुढच्या पावसाळ्यात खरातांनीच चर खोदून फायबर टाकलं. गणपतीच्या सुमारास काम संपलं आणि मॅनेजरांनी तोच छापील कागद माझ्यापुढे सरकवला. चित्र आरशासारखं होतं. खरात स्टुलावर बसले होते. माझी सही झाल्याशिवाय त्यांचं काम पुरं धरलं जाणार नव्हतं.

"भरल्या ट्रॉल्या आल्यावर सही करीन," मी म्हणालो.

मॅनेजर भडकले. खरात उठले. आता हा माणूस मला सोलणार, असंच वाटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"बराबर. बिलकुल बराबर, दिगंबर," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन निघून गेले.

माझं नाव त्यांना माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं. तीच शेवटची भेट. दिवाळीत दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली, आणि ते गेले. समितीने शोकसभा घेतली. खरात कसे सर्वांना घेऊन चालत, यावर उपाध्यक्ष बराच वेळ बोलले. मी मागच्या रांगेतून उठून बाहेर आलो.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी सकाळपासून पडद्यासमोर बसलो. दुपारपर्यंत पटांगण भरलं. चित्र एकदाही गेलं नाही. कागदावरचं 'समाधानकारक' मी खोडलं, त्याजागी 'उत्तम' लिहून सही केली आणि त्याची एक प्रत घेऊन तीर्थपुरीला त्यांच्या घरी गेलो.

वहिनींनी कागद लगेच हातात घेतला नाही.

"भरल्या ट्रॉल्या उभ्या व्हत्या ना तवा?" त्यांनी विचारलं.

"अकरा होत्या, वहिनी."

मग त्यांनी हात पुढे केला.