पंचपात्रातलं तीर्थ

माझी भक्ती तशी भांडकुदळच. नमस्कार कमी, गाऱ्हाणी फार. पण गेल्या वैशाखात देवाशी भांडायचंही त्राण उरलं नाही. सकाळी खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालताना माझे यजमान कोसळले. हाका मारल्या, हलवलं, काही उपयोग नाही. मधूनच घोरल्यासारखा आवाज येई, म्हणून सुरुवातीला मी समजत होते की श्वास चाललाय. मग तोही विरळ होत गेला. शेजारचे आबाभावोजी धावत आले आणि त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. मी देवघरात गेले. "इतकी वर्षं तुझं केलं ते ह्यासाठी?" असं देवाला तोंडावर विचारलं आणि त्याच्याच पुढ्यातलं तीर्थाचं पंचपात्र उचललं. जाणाऱ्याच्या तोंडात तीर्थ घालायची आपली रीत. ह्यांना कोरड्या तोंडाने जाऊ द्यायचं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मालवणात रुग्ण सोडून परतणारी गाडी नेमकी आमच्या तिठ्यावर होती. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन पळी ओठांशी नेली आणि तेवढ्यात ती गाडी दारात येऊन थांबली. चालकासोबत एक तरुण डॉक्टरीण धावत आली.

"थांबा, तोंडात काही घालू नका!"

मला संताप आला. "तीर्थ आसा ता! सुखान जाऊक तरी दे हेंका."

तशी ती मालवणीत आली. "काकी, हेंच्या घशात वांती अडाकली आसा. पाणी घातलास तर फुफ्फुसात जायत. तुमी ता धरून ठेया. जागे झाले की हे सोता पियतले."

पियतले! मी निरोप द्यायला बसले होते आणि ही पोर ह्यांना तीर्थ प्यायला बसवत होती. मी पंचपात्र छातीशी धरून बाजूला झाले.

तिने भावोजींना छाती दाबायला लावली, न थांबता. स्वतः उशाशी बसून छोट्या यंत्राने घसा साफ केला, जबडा उचलला, नळी घातली आणि रबरी पिशवी दाबली. छाती हललीच नाही. तिने नळी काढली, मान सारखी केली, पुन्हा घातली. ह्या वेळी छाती वर आली. भावोजी दमले तशी चालकाने जागा घेतली. छातीला लावलेल्या दुसऱ्या यंत्राने झटका दिला, परत दाबणं सुरू. ह्यांना वाचव म्हणून मी देवाला गाऱ्हाणं घालू लागले, पण "बा देवा म्हाराजा"च्या पुढे शब्द सुचेना. मग मागणंच सोडलं आणि नुसती त्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत राहिले. कधीतरी तिने मानेवर बोटं टेकवली आणि म्हणाली, "लागली नाडी."

कणकवलीच्या इस्पितळापर्यंत वळणावळणावर ते तीर्थ माझ्या लुगड्यावर सांडलं. पोचलो तेव्हा पंचपात्राच्या तळाशी तुळशीचं एक पान तेवढं चिकटलेलं होतं. पुढे बरेच दिवस दवाखान्यात गेले, पण हे शुद्धीवर आले, बोलू लागले.

नंतर त्या डॉक्टरणीला भेटून विचारलं, तेव्हा एवढ्या भरवशाने कशी बोललीस? ती हसली. "भरवसो खंयचो, काकी? तुमचो हात थांबवूचो होतो."

असेलही. पण देवाच्या वतीने सगळं ठरवून मी पळी उचलली होती आणि तो हात कुणीतरी वेळेवर अडवला. तेव्हापासून माझी गाऱ्हाणी आखूड झाली आहेत. पुढचं त्याला कळतं, एवढं मी आता मानते.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी त्याच पंचपात्रात नवं तीर्थ केलं. ह्यांनी ओंजळ पुढे केली. मी जपून एकच पळी घातली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"घाल गो आणखी थोडां, घसो सुकलो माजो."

मी दुसरी पळी घातली आणि तो घोट त्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत डोळे मिटले नाहीत.